चित्रगुहेची पाळी : मोजक्या तिकिटांमागचा इतिहास आणि माणदेशातून आखायची एक वाट

१/ माणदेशाला मोजून मिळणाऱ्या पाण्याची सवय आहे. कालव्याचे पाणी पाळीने येते आणि आपली पाळी नसताना कोणी दारे धरीत नाही. जगातील प्रागैतिहासिक चित्रगुहांची तिकिटे आज काहीशा अशाच न्यायाने वाटली जातात. ही पाळी का सुरू झाली, आणि दहिवडी, म्हसवड किंवा आटपाडीच्या इतिहासप्रेमी तरुणाने अशा स्थळाची भेट कशी आखावी, त्याचा हा थ्रेड.

२/ प्रथम भूगोल. माणचा कातळ म्हणजे दख्खनच्या पठाराचा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महाराष्ट्रातील प्रसिद्ध लेणी याच खडकात छिन्नीने कोरलेली आहेत. आदिमानवाची चित्रे मात्र प्रामुख्याने निसर्गनिर्मित आडोशांत टिकली : युरोपात चुनखडीच्या गुहांत, मध्य भारतात वालुकाश्माच्या शैलाश्रयांत. त्यामुळे माणच्या प्रवाशाला उत्तरेकडे, विंध्याकडे पाहावे लागते.

३/ परंतु तिकिटांची कथा सुरू होते फ्रान्समध्ये. १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुले लास्कोच्या गुहेत उतरली. आत बैल, घोडे आणि हरणे होती, सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी रंगवलेली. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली आणि पाहता पाहता दिवसाला हजाराच्या वर माणसे आत जाऊ लागली.

४/ बंदिस्त गुहेची हवा हजारो वर्षे जवळजवळ स्थिर असते. माणूस आत आला की तीन गोष्टी घेऊन येतो : अंगाची ऊब, श्वासातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड. बाष्प थंड भिंतीवर साचते, कार्बन डायऑक्साइडमुळे ते आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळू लागते. तीच चुनखडी पुढे पांढऱ्या थराच्या रूपाने चित्रांवर चढते. दिव्यांच्या उजेडात हिरवे शेवाळ धरते. लास्कोत हे सारे अवघ्या पंधरा वर्षांत घडले.

५/ १९६३ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी लास्को लोकांसाठी बंद केली. १९८३ मध्ये जवळच तिच्या मुख्य भागाची प्रतिकृती उघडली आणि २०१६ मध्ये त्याहून विस्तृत प्रतिकृती. आज ‘लास्को पाहिली’ असे म्हणणारा पर्यटक प्रतिकृती पाहून आलेला असतो. मूळ गुहेला मिळालेली विश्रांती हे त्या प्रतिकृतीचे मोल आहे.

६/ स्पेनमधील आल्तामिराची कथा अधिक हृद्य आहे. १८७९ मध्ये मार्सेलिनो सान्स दे साउतुओला जमिनीत अवशेष शोधत असताना त्यांच्या लहान मुलीची, मारियाची, नजर छताकडे गेली आणि तिला गवे दिसले. विद्वानांनी ही चित्रे बनावट ठरवली. साउतुओला १८८८ मध्ये वारले. फ्रेंच विद्वान कार्तेलाक यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली ती १९०२ मध्ये.

७/ मान्यता मिळाली आणि गर्दी आली. १९७३ या एका वर्षात आल्तामिरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक येऊन गेले. १९७७ मध्ये गुहा बंद, १९८२ मध्ये मर्यादित प्रवेश, २००२ मध्ये पुन्हा बंद. २०१४ मध्ये प्रयोग म्हणून आठवड्याला फक्त पाच जणांना प्रवेश ठरला. निवड चिठ्ठीने, अंगावर संरक्षक पोशाख आणि वेळ ३७ मिनिटे.

८/ फ्रान्समधील फाँ-द-गोम या गुहेत मूळ रंगीत चित्रे अजून पाहता येतात, पण लहान गटांतून आणि दिवसाला शंभराहून कमी जणांना. १९९४ मध्ये सापडलेल्या शोव्हे गुहेबाबत फ्रान्सने लास्कोचा धडा पहिल्या दिवसापासून पाळला. ती लोकांसाठी कधीच उघडली गेली नाही. युरोपची भेट आखणाऱ्याने म्हणून आधी तिकिटाची तारीख निश्चित करावी, विमानाची त्यानंतर.

९/ महाराष्ट्रात या शिस्तीचे जवळचे उदाहरण म्हणजे अजिंठा. ते प्रागैतिहासिक नव्हे, पण प्रश्न तोच. १८१९ मध्ये तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव कोरले. आज १, २, १६ आणि १७ या चित्रमय लेण्यांत एका वेळी ४० जणांनाच सोडण्याचा नियम आहे. अजिंठा सोमवारी बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

१०/ आता विंध्याकडे. उज्जैन ही कर्मभूमी असलेले मराठी पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे जात होते. खिडकीतून दिसणाऱ्या प्रचंड शिळांनी त्यांचे लक्ष वेधले. पायी जाऊन त्यांनी जो शोध घेतला, त्यातून भीमबेटका जगापुढे आले. स्थानिक आदिवासींना ही जागा अर्थातच ठाऊक होती. १८८८ च्या एका इंग्रजी नोंदीतला तिचा उल्लेखही त्यांच्याच माहितीवर आधारलेला आहे.

११/ पुढे १९७० च्या दशकात वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी येथे उत्खनन केले. २००३ मध्ये स्थळ जागतिक वारसा यादीत गेले. परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. प्रवाशांसाठी खुले आहेत ते सुमारे पंधरा. चित्रे मध्याश्मयुगापासून थेट ऐतिहासिक काळापर्यंतची. एकाच भिंतीवर जुन्या शिकारदृश्यावर पुढच्या काळातील घोडेस्वार रंगवलेले दिसतात.

१२/ माणहून वाट सोपी आहे. एसटीने पुणे गाठावे. तेथून दौंड, मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी या मार्गाने भोपाळ. इटारसी सोडल्यावर नर्मदा ओलांडली की खिडकीपाशी बसावे, कारण वाकणकरांना शिळा दिसल्या त्या याच टप्प्यात. भोपाळहून भीमबेटका सुमारे ४५ किलोमीटर, ओबेदुल्लागंजच्या पुढे. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर पोहोचावे. सोबत वही, पाणी आणि शक्य तर दुर्बीण असावी, म्हणजे भिंतीजवळ जाण्याचा मोह होत नाही.

१३/ भीमबेटक्याला चिठ्ठी काढावी लागत नाही. शैलाश्रय उघडे असल्याने तेथे श्वासाचा धोका लास्कोइतका नाही. धोका हाताचा आहे. बोटांचा घाम, फोटोत रंग उठून दिसावा म्हणून शिंपडलेले पाणी, चुलीचा धूर, खडूने गिरवलेली रेषा, कोरलेले नाव. गेरूचा रंग दगडाच्या पृष्ठभागातच मुरलेला असतो. पृष्ठभागाचा पापुद्रा सुटला की चित्र त्याच्यासोबत जाते आणि ते परत लावता येत नाही. आल्तामिरात मर्यादा शासन घालते. येथे ती बहुतांशी प्रवाशाने स्वतःवर घालायची आहे.

१४/ अखेरचा मुद्दा समाजमाध्यमांवरील तरुणांसाठी विशेष महत्त्वाचा. अमरावतीच्या उत्तरेस, सातपुड्यात, बैतूलच्या सीमेलगत गेल्या काही वर्षांत चित्रित शैलाश्रय उजेडात आले आहेत. अशा दुर्गम जागांचे रक्षण आजवर त्यांच्या अनामिकतेने केले. एखाद्या भटकंतीत नवे चित्र दिसले, तर हात न लावता फोटो घ्यावा, मोजमापासाठी पट्टी भिंतीला न टेकवता शेजारी धरावी आणि माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावी. नकाशावरील नेमके ठिकाण मात्र पोस्टमध्ये टाकू नये. लास्कोला बंद दार मिळायला पंधरा वर्षे लागली. सातपुड्यातल्या उघड्या शिळेला तर लावायला दारही नाही.

(थ्रेड समाप्त)