सेन्सरची भाऊबंदकी

कातडीवर चिकटणाऱ्या सेन्सरचं मूळ आपल्या गोंदणात आहे, असं कुणी म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळपासून थेट जुन्नरपर्यंत जुन्या बायकांच्या हातांवर गोंदण दिसतंच. मग ‘हे तर आपलंच’ म्हणायला वेळ कितीसा लागतो? मला ते अर्धंच पटतं.

अंगावरच्या सेन्सरच्या इतिहासातले ठळक टप्पे थोडक्यात उरकू. 1887 मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख काढला; पुढे ते जिमी या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून तोच प्रयोग लोकांना दाखवत. नॉर्मन होल्टर यांचं हृदयाचा आलेख टिपणारं, अंगावर वागवायचं यंत्र 38 किलोंचं, पाठीला बांधायचं. आपल्या पवईच्या आयआयटीत याच कामासाठी गळ्यात घालायचं ‘सिलिकॉन लॉकेट’ तयार झालं.

खरी गंमत 2011 ची. इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या चमूने केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर नागमोडी तारांचं सर्किट बसवलं. कातडी ताणली की तारा सरळ होतात, पण तुटत नाहीत. हा पापुद्रा अंगावर बसवायला त्यांनी काय वापरावं? एक तर पाण्यात विरघळणारं पातळ प्लास्टिक आणि दुसरं म्हणजे बाजारात मिळणारा पोरांचा टॅटू! चिंगमसोबत येणारा, पाणी लावून दंडावर दाबायचा, तोच. असा पापुद्रा गळ्यावर लावून त्यांनी घशाच्या हालचालींवरून संगणकावरचा खेळही खेळून दाखवला.

म्हणजे मूळपुरुष चिंगमचा टॅटू, गोंदण नव्हे. गोंदणात सुई वरची कातडी ओलांडून काजळी आतल्या थरात सोडते, म्हणून ते जन्मभर टिकतं. वरची कातडी महिन्याभरात झडते. तिच्यावर चिकटवलेलं काहीही तिच्यासोबत जाणारच.

पण मधुमेहींच्या दंडावरची ती गोल चकती? तिची बारीक तार कातडीखाली जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. तिचं शास्त्र लेलंड क्लार्क यांच्या 1962 च्या एन्झाइम-इलेक्ट्रोडपासून सुरू होतं. गोंदणाचा तिथे काही संबंध नाही. तरी रीत सुईचीच, म्हणून गोंदणवाल्यांना मी ही एक शाखा देऊन टाकतो. मानलेलं नातं म्हणा हवं तर.

तेव्हा ‘स्मार्ट टॅटू’ म्हणून कुणी काही विकायला आलं, तर आधी एवढंच विचारा: हे वर चिकटतं की आत जातं? आत जाणारं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.