दांपत्यकलह आणि देहाची साक्ष

नवराबायकोचे भांडण ही बोलण्याची गोष्ट आहे, असे आपण सारे धरून चालतो. कोण काय बोलले, कोणाचे चुकले, कोणी आधी माघार घ्यावी, याचाच काथ्याकूट होतो. समजूत घालायला बसलेली वडील मंडळीही दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशासारखा निकाल देतात. निकाल मान्य होतो, पण अबोला सुटत नाही. असे का व्हावे? गेल्या दीडशे वर्षांच्या संशोधनाने याचे एक उत्तर दिले आहे. भांडणात जिभेइतकाच देहही भाग घेतो, आणि जीभ थांबली तरी देह थांबलेला नसतो. हे ज्ञान कसे हाती आले आणि त्याचा उपयोग कुठवर होतो, एवढेच येथे आम्हाला सांगावयाचे आहे.

१८८४ साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेहमीची समजूत उलटी करून मांडली. दुःख होते म्हणून आपण रडतो असे नसून, रडतो म्हणून दुःख जाणवते, असे त्याचे म्हणणे. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन याला हे मत पटले नाही. पण १९१५ च्या आपल्या ग्रंथात त्यानेच दाखवून दिले की, क्रोध आणि भय यांच्या वेळी रक्तात विशिष्ट स्राव मिसळतो, हृदय वेगाने चालते, पचन मंदावते आणि सारा देह लढायला किंवा पळायला सज्ज होतो. ही सज्जता रानातल्या संकटासाठी उपयोगी खरी. परंतु तीच स्वयंपाकघरात, महिन्याच्या हिशेबावरून उद्भवली तर? समोर वाघ नसतो, आपलेच माणूस असते. आणि देहाला तो फरक लगेच कळत नाही.

तरीही विवाहविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय प्रथम या दिशेने गेला नाही. १९३० साली लॉस एंजेलिस येथे पॉल पोपेनो याने कौटुंबिक संबंधांची संस्था काढली, तेथे भर होता तो उपदेशावर. देहाकडे वळला तो फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइख. दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात घर करून राहतात, हे त्याने १९३३ च्या सुमारास मांडले. निरीक्षण मोलाचे होते. पण पुढे विश्वव्यापी जीवनशक्ती पेटीत साठवण्याचे दावे त्याने केले, न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि १९५७ साली तुरुंगातच त्याचा अंत झाला. खऱ्या निरीक्षणावर अवास्तव दाव्यांचा इमला चढवला की काय होते, याचे हे उदाहरण.

आपल्याकडे याच काळात र. धों. कर्वे एकाकी झुंज देत होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि वैवाहिक सुखाची शारीरिक बाजू उघडपणे मांडली. त्यासाठी त्यांना खटले सोसावे लागले. संसार बिघडण्याचे एक कारण देहाविषयीचे अज्ञान असते, एवढे बोलणेही तेव्हा गुन्ह्यासारखे होते.

उपचाराची निश्चित पद्धत आली ती सेंट लुईसच्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांच्याकडून. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत पतीपत्नींनी दोन आठवडे एकत्र उपचार घ्यावयाचे. प्रारंभी समागम वर्ज्य. आळीपाळीने एकमेकांना केवळ स्पर्श करावयाचा, आणि त्यातून काही साध्य करण्याची घाई नाही. परीक्षेचे ओझे उतरले की भीती ओसरते, हे यामागचे सूत्र. त्यांचे यशाचे आकडे पुढे वादग्रस्त ठरले. परंतु रोगी नवरा नव्हे, बायकोही नव्हे, तर दोघांमधले नाते होय, हा त्यांचा विचार टिकला.

भांडणाचे प्रत्यक्ष मोजमाप मात्र रॉबर्ट लेव्हन्सन आणि जॉन गॉटमन यांनी केले. त्यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० जोडपी होती. त्यांना मतभेदाच्या विषयावर बोलावयास बसवले आणि त्याच वेळी हृदयाची गती, त्वचेचा घाम यांची नोंद घेतली. असमाधानी जोडप्यांत एकाचा देह क्षुब्ध झाला की दुसऱ्याचाही होई. जणू दोघे एकाच सापळ्यात अडकलेले. तीन वर्षांनी १९ जोडप्यांचा पुन्हा माग घेता आला. ज्यांचे देह पहिल्या वेळी अधिक क्षुब्ध होते, त्यांचे समाधान अधिक घटलेले आढळले. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला दुसऱ्याचे नीट ऐकू येत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटे बोलणे थांबवावे, हा गॉटमन यांचा पुढचा सल्ला. त्या वीस मिनिटांत मनात उत्तरे जुळवीत बसू नये, ही अट विसरता कामा नये. पुढे घटस्फोटाचे भाकीत करण्याचे जे मोठे आकडे गाजले, त्यांची सूत्रे बहुधा त्याच जोडप्यांवरून बसवलेली होती, हा आक्षेपही रास्त आहे.

२००५ साली ओहायो येथील ४२ दांपत्यांच्या अभ्यासात, कडवटपणे भांडणाऱ्यांच्या कातडीवरील लहान जखमा सावकाश भरल्या. २००६ साली जेम्स कोन यांच्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना विजेच्या सौम्य धक्क्याची धास्ती घातली असता, पतीचा हात हाती असताना मेंदूतील भयाची खळबळ कमी झाली; आणि संसार जितका सुखाचा, तितका हा परिणाम अधिक. म्हणजे नुसता हात पुरत नाही. त्या हातामागचा विश्वास लागतो.

येथेच या उपायांची मर्यादा येते. श्वास संथ करणे, हात धरणे, थोडा वेळ थांबणे, ही दोन बरोबरीच्या माणसांमधली साधने आहेत. ज्या घरात एकाचा हात उगारला जातो, तेथे दुसऱ्याच्या देहातील भय हा बिघाड नव्हे. तो खरा इशारा होय. अशा बाईला शांत राहा म्हणून सांगणे म्हणजे तिला तिच्या एकुलत्या एका पहारेकऱ्याला झोपवायला सांगणे. तेथे आधी संरक्षण हवे, कायदा हवा. समेटाची गोष्ट नंतर.

इतर घरांना मात्र या इतिहासातून साधा बोध घेता येईल. समजूत घालायला बसताना, चूक कोणाची, हे विचारण्यापूर्वी दोघांचे श्वास जागेवर आले आहेत का, एवढे पाहावे. आपल्या आज्या संतापलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवीत आणि मग विषय काढीत. त्यांच्यापाशी नाडी मोजण्याचे यंत्र नव्हते; पण तापलेल्या डोक्याशी बोलून उपयोग नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.