कपड्यांचा छोटा ब्रँड खरंच 'सस्टेनेबल' आहे का? मोबाईलवरून असं तपासा

इन्स्टाग्रामवर एखाद्या छोट्या ब्रँडची कुर्ती किंवा साडी दिसते. खाली लिहिलेलं असतं: 'प्युअर कोसा, हँडलूम, इको-फ्रेंडली'. किंमत साध्या कपड्याच्या दुप्पट-तिप्पट. दावा खरा असेल तर जास्तीचे पैसे विणकरापर्यंत पोचतात. खोटा असेल तर तुमचे पैसे जातातच, पण खऱ्या विणकराचं गिऱ्हाईकही तुटतं. म्हणून ऑर्डर करण्याआधी काय काय तपासता येतं ते पाहू. उदाहरण घेऊ भंडाऱ्याच्या कोशाचं.

सस्टेनेबल म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण 'शाश्वत' म्हणतो. कपड्याच्या बाबतीत त्यात चार वेगवेगळे प्रश्न येतात:

- धागा कुठून आला?
- रंग कोणता, आणि रंगाचं पाणी कुठे गेलं?
- विणणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला किती मजुरी मिळाली?
- कपडा किती वर्षं वापरता येईल?

एका प्रश्नाचं उत्तर चांगलं आलं म्हणजे बाकीची तीन आपोआप चांगली ठरत नाहीत. बरेच ब्रँड पहिल्याच उत्तरावर थांबतात.

भंडाऱ्याचं उदाहरण

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. विदर्भाची करवत काठी साडी तुम्ही पाहिली असेल: अंग कोशाचं, काठ सुती, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. ती विणताना तीन धोटे वापरतात. या साडीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

कोशाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाची पानं खातात. त्यामुळे कोसा मिळायचा तर झाडं उभी राहायला हवीत. हातमागाला वीज लागत नाही. कोशाला मुळातच मधासारखा रंग असतो, म्हणजे न रंगवताही कापड विकता येतं. या सगळ्या जमेच्या बाजू.

दुसरी बाजूही आहे. नेहमीच्या पद्धतीत कोष उकळताना आतला जीव मरतो. बाजारात आयात केलेला टसर धागाही मिळतो, म्हणजे 'कोसा' लिहिलंय म्हणून तो विदर्भाच्या जंगलातलाच असेल असं नाही. रंगवलेल्या कापडाचं पाणी कुठेतरी सोडावं लागतं, आणि भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. शिवाय 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा कमी होतं.

पायरी 1: विकणारा कोण आहे?

ब्रँडने जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणीचं नाव, तारीख, व्यवसायाचा प्रकार दिसतो. नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचा कोड 27. 'आम्ही भंडाऱ्याचे' म्हणणाऱ्याचा नंबर दुसऱ्या राज्याचा निघाला तर कारण विचारा. पण नंबर नाही म्हणून लगेच फ्रॉड समजू नका. कमी उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला नोंदणी अनेकदा लागतच नाही.

पायरी 2: फोटो तपासा

स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो घाऊक विक्रीच्या साइटवर किंवा पाच वेगळ्या पेजवर दिसला तर सावध व्हा. मात्र फोटो चोरीलाही जातात, त्यामुळे सगळ्यात जुनी पोस्ट कोणाची ते बघा. खात्री हवी असेल तर काठाचा मागच्या बाजूने काढलेला व्हिडिओ मागा. नक्षी नुसती छापलेली असेल तर मागून ती बहुतेक वेळा फिकट दिसते.

पायरी 3: मार्क काय सांगतो आणि काय सांगत नाही

- सिल्क मार्क: धागा शुद्ध रेशीम आहे. मजुरीबद्दल काही नाही.
- हँडलूम मार्क: कापड हातमागावर विणलंय. रंगाबद्दल काही नाही.
- जीआय: विशिष्ट भागाचं नाव वापरण्याचा हक्क. जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्त्यांची नोंद असते.
- ओएको-टेक्स स्टँडर्ड 100: कापडात घातक रसायनं आहेत का याची चाचणी. लेबलवरचा नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो.
- गॉट्स: सेंद्रिय धागा, रसायनं आणि कामगारांची स्थिती, तिन्ही. लेबलवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असायला हवा.

प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे तेही बघा. सूतगिरणीचं गॉट्स प्रमाणपत्र दाखवून ब्रँड स्वतःला गॉट्सवाला म्हणवू शकत नाही. मुदतीची तारीखही वाचा.

आणि क्यूआर कोड बघून भारावून जाऊ नका. क्यूआर म्हणजे फक्त चौकोनात लिहिलेला मजकूर, तो कोणीही दोन मिनिटांत बनवतो. स्कॅन केल्यावर लिंक कोणत्या साइटची आहे ते आधी वाचा. ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे न जाता ब्रँडच्याच पेजवर परत येत असेल तर तो पुरावा नाही.

पायरी 4: 'इको-फ्रेंडली' शब्दाचा हिशोब मागा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आणली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द वापरायचे तर स्पष्टीकरण आणि पुरावा द्यावा लागतो, आणि तो ग्राहकाला सहज बघता यायला हवा. म्हणजे पुरावा मागणं हा तुमचा आगाऊपणा नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

पायरी 5: सरळ विचारा

हा मेसेज कॉपी करा:

"नमस्कार ताई, साडी आवडली. धागा कुठला आहे? कोणत्या गावात विणली? रंग कोणता वापरलाय आणि रंगाच्या पाण्याचं काय करता? एका साडीला किती दिवस लागतात, विणकराला किती मिळतात?"

खरं काम करणारीला ही उत्तरं पाठ असतात. 'धागा बाहेरून घेतो, विणकाम आंधळगावात होतं, रंग केमिकलचा आहे' हे उत्तर 'सगळं शंभर टक्के नॅचरल'पेक्षा जास्त विश्वासाचं.

पायरी 6: किमतीचं गणित

समजा साडीला 6 दिवस लागले आणि दिवसाची मजुरी 500 रुपये धरली. नुसती मजुरीच 3,000 झाली. धागा, रंग, कुरिअर वेगळं. मग 1,500 रुपयांची 'हातमागाची प्युअर कोसा साडी' कशी बसणार? एक तर ती हातमागाची नाही, किंवा कोशाची नाही, किंवा कोणाची तरी मजुरी बुडालीय.

आपल्या बाजूचं गणितही करा. 600 रुपयांची कुर्ती 6 वेळा घातली तर एका वेळेचे 100 पडले. 3,000 रुपयांची 60 वेळा घातली तर 50. पण महागडा कपडा कपाटातच राहणार असेल तर तोही शाश्वत नाही.

निर्णय कसा घ्यायचा?

प्रमाणपत्र काढायला आणि दरवर्षी चालू ठेवायला खर्च येतो. चार विणकरांसोबत काम करणाऱ्या ब्रँडला तो अनेकदा परवडत नाही. म्हणून 'प्रमाणपत्र नाही' हे उत्तर चालेल, पण 'सांगता येणार नाही' हे चालणार नाही. चारपैकी दोन-तीन प्रश्नांना गाव, दिवस, रुपये असं नेमकं उत्तर मिळालं आणि उरलेल्याबद्दल प्रामाणिकपणे 'अजून जमलं नाही' असं सांगितलं, तर घ्यायला हरकत नाही. चारही उत्तरं गोड पण मोघम असतील तर पुढे स्क्रोल करा.