शाळेचे पाणी आणि हुतूतूचे मैदान

परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी माणसास हुतूतूचे नाव निघताच गावच्या शाळेची धूळ आठवते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्या धुळीचा इतिहास सांगताना केवळ गौरवाचा भाग सांगून भागणार नाही.

बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले. या खेळाचे सारे मर्म स्पर्शात आहे. चढाई करणाऱ्याने शिवले की गडी बाद. पकड करावयाची तर चौघांनी अंगाला अंग भिडवावयाचे. मग ज्या मुलाला शिवावयाचेच नाही, त्याने कोणत्या बाजूने उतरावे? याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हे, शाळेच्या नळावर ठरत असे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. तेथील अनुभव त्यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. बसावयाचे गोणपाट रोज सायंकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी काढावयाची. मग शिपायाने नळ सोडावयाचा. शिपाई नसला तर पाणी नाही. आरोग्याचा पहिला धडा पाण्याचा. येथे तो शिपायाच्या हजेरीवर अवलंबून होता!

योगायोग असा की, त्याच १९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा यांबरोबरच शाळा आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. शाळा आणि दवाखाना यांना पाण्याशेजारी बसविणारी ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. पण ठरावाने तहान भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. अस्पृश्यता कायद्याने नष्ट होण्यास १९५० साल उजाडावे लागले.

मैदानाच्या कडेला आणखी एक मूल बसलेले असे, त्याच्याकडे मात्र त्यानंतरही फारसे कोणी पाहिले नाही. पाय अधू असलेल्या मुलाच्या हाती गुणांची वही द्यावयाची आणि तासाला त्याला बसवून ठेवावयाचे, ही रीत. मास्तरांचा हेतू वाईट नसे, एवढेच. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले; तरीही आमच्या व्यायामाच्या तासात काही बदल झाला नाही. शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची इतरांइतकीच संधी द्यावी, असे बंधन २०१६ च्या कायद्याने घातले. हुतूतूचे नियम छापून झाल्याला तेव्हा ९३ वर्षे लोटली होती.