‘मी’ म्हणणारा कोण?

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली हकिकत सांगायला बसतो तेव्हा प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. म्हणून तो सगळी गोष्ट ओठाला ओठ न लावता सांगतो. प, फ, ब, भ, म तिच्यात नाहीतच. याला शब्दांची कसरत म्हणून सोडून देता येईल; पण मला प्रथमपुरुषी कथनाची खरी मेख इथेच दिसते. सांगणाऱ्याला जे जमत नाही, ते गोष्टीलाही जमत नाही.

मराठी कादंबरीची सुरुवात मात्र सगळे जाणणाऱ्या निवेदकाने झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) यमुना हिंडते, विधवांचे हाल पाहते, आणि लेखक ते आपल्याला समजावतो, वर उपदेशही करतो. पुढे १८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः छापायला घेतली. नायिकेचे नाव पुन्हा यमूच, दुःखही तेच. फरक एवढाच, की आता तीच बोलते. पंचविशी नुकती ओलांडलेल्या पुरुषाने पुण्यातल्या माजघराची बायकी बोली अशी उचलावी, हे आजही नवलाचे वाटते. लहान यमूच्या कानांवर मोठ्यांची कुजबुज पडते, पण तिला तिच्यातले अर्धेच कळते. उरलेले अर्धे वाचकाला कळते, आणि धास्ती तिथेच सुरू होते. आपट्यांनी पुढे चक्क ‘मी’ नावाचीही कादंबरी लिहिली. पण तिचा भावानंद बोलता बोलता व्यासपीठावर चढतो. यमू कधीच चढत नाही.

‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर बाहेरून आलेला, म्हणून धनगरांची वाडी आपल्यालाही त्याच्याबरोबर सावकाश उलगडते. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर तर ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांच्याशिवाय पुढेच सरकत नाही.

शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) सहा जणांना ‘मी’ म्हणायला लावले. कुंती राजघराण्यातली, शोण सूताघरचा. भाषा मात्र सगळ्यांची सारखीच भरजरी. ही मोठी उणीव. पण एका अडचणीपुढे सावंतांनाही वाकावे लागले. कर्णाला स्वतःचे मरण सांगता येईना. मग शेवटचा भाग सांगायला येतो कृष्ण, ज्याच्या सांगण्यावरून अर्जुनाने तो बाण सोडलेला असतो.