टीव्हीला जोडायची पेटी

घरासाठी नवा संगणक घ्यावा, की टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे चित्रपट दाखवणारी छोटी पेटी घ्यावी, असे पालक पुष्कळदा शिक्षकांना विचारतात. जाहिरातींत वेग, स्मृती आणि किंमत यांची तुलना असते. ती उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. अशा प्रत्येक वस्तूबद्दल आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. माहिती कुठे साठवलेली असते? पडद्यावर काय यावे हे कोण ठरवते? आणि त्यात बदल करण्याची मुभा कोणाला असते? या प्रश्नांची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, ते आपण मुंबईतल्या लोअर परळच्या आधाराने पाहू.

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवर, १९२० च्या दशकात बी. डी. डी. चाळींच्या ३२ इमारती उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेही जवळच, वरळीला. पण केंद्र शेजारी असले तरी संच घेणे गिरणी कामगाराच्या आवाक्यातले नव्हते. ज्याच्या घरी संच, त्याच्या दारात शेजारपाजारची गर्दी! या संचात माहिती साठत नसे. काय दाखवायचे ते वरळीत ठरे, आणि घरातल्या माणसाच्या हाती फक्त चालू-बंद करण्याचे बटण असे.

१९८२ साल या कथेत महत्त्वाचे आहे. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. २३ एप्रिलला इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक जाहीर केला. १५ ऑगस्टला दूरदर्शनचे रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. घराचा पडदा रंगीत होत होता आणि त्याला संगणक जोडता येऊ लागला होता, तेव्हाच परळ-लालबागच्या कितीतरी घरांत चूल पेटण्याची भ्रांत होती. नवे तंत्रज्ञान सर्वांच्या दारी एकाच वेळी येत नाही, हे आपण इथेच नोंदवून ठेवू.

स्पेक्ट्रमची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. आज्ञावली साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर चाले. स्मृती १६ किंवा ४८ किलोबाइट. ध्वनिफितीवरून सेकंदाला सुमारे १५०० बिट वाचले जात, म्हणून ४८ किलोबाइट भरायला चार ते साडेचार मिनिटे लागत. संगणक सुरू केला की तो वाट पाहत बसे. तुम्ही ‘बेसिक’ भाषेत आज्ञा द्याल, तर तो काम करणार. डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ साली परवान्याने त्याची भारतीय आवृत्ती आणली. त्याआधी, १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक शाळांत येऊ लागले होते. आपल्या तीनही प्रश्नांचे उत्तर इथे एकच होते: ‘समोर बसलेला विद्यार्थी’.

१९९१ नंतर केबल आली. वाहिन्या वाढल्या, निवड वाढली, पण साठवण बाहेरच राहिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा फोनच्या तारेतून सेकंदाला ९,६०० बिट येत. आज चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला सेकंदाला सुमारे ५० लाख बिट लागतात. म्हणजे एक तासाचा चित्रपट त्या तारेतून यायला सुमारे ५२० तास, जवळजवळ २२ दिवस लागले असते. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

वेग वाढला तसा परळचा चेहराही बदलला. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि दुकाने आली. २०१५ च्या फेब्रुवारीत ‘हॉटस्टार’ ही सेवा सुरू झाली, तेव्हा ती चालवणाऱ्या स्टार इंडियाचे कार्यालय लोअर परळच्या गणपतराव कदम मार्गावर होते.

अशी सेवा चालते कशी? चाळीत पहाटे पाणी आले की आपण पिंप भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो. चित्रपट आधी उतरवून ठेवणे म्हणजे पिंप भरणे. थेट प्रवाहात मात्र नळ चालू ठेवून एक छोटी कळशी भरत राहायची आणि तिच्यातूनच प्यायचे. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात, आणि जोडणी मंदावली की पेटी कमी प्रतीचे, लहान तुकडे मागवते. प्रत्येक प्रेक्षकाला असा वेगळा प्रवाह लागतो. ९ जुलै २०१९ रोजी भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते; तेवढे प्रवाह पुरवावे लागले. वरळीच्या मनोऱ्याचे तसे नाही. प्रेक्षक दहा असोत की दहा लाख, त्याचे काम तेवढेच.

आता दोन पेट्यांची तुलना करू. २०१२ साली इंग्लंडमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा एका पट्टीवरचा उघडा संगणक आला. २०१३ साली गूगलचे ‘क्रोमकास्ट’ आले. अमेरिकेत दोन्हींची किंमत ३५ डॉलर (पहिल्याचे ‘बी’ मॉडेल). दोन्ही एकाच प्रकारच्या जोडणीने टीव्हीला लागत आणि दोन्हींच्या आत पूर्ण संगणक होता. पण क्रोमकास्टला फोनवरून सांगायचे आणि इंटरनेटवरून येईल ते पाहायचे. वापरणाऱ्याने त्यात स्वतःची आज्ञावली लिहावी अशी सोय नव्हती. पायला मात्र कळफलक जोडला की आज्ञावली लिहिता येते, आणि चित्रपटही पाहता येतो. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीइतके प्रोग्रॅमिंग येत नाही, या काळजीतूनच तो जन्मला. त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ या मॉडेलांची नावेही जुन्या बीबीसी मायक्रोवरून घेतली आहेत.

किंमत सारखी, पडदा तोच, पण आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे निराळी. म्हणून चित्रपट पाहणे वाईट असे मात्र नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवीच. पण सेवेने चित्रपट यादीतून काढला की तो घरातूनही जातो, आणि वर्गणी थांबली की पेटी मुकी होते, हे घेण्यापूर्वी माहीत असावे.

पालकांनी पुढच्या वेळी सल्ला मागितला, तर आधी त्यांना हे विचारावे: इंटरनेट बंद असताना ही वस्तू काय करील? मुलाला तिच्यावर स्वतःचे काही लिहिता, जोडता, मोडून पुन्हा उभे करता येईल का? १६० चौरस फुटांत एकाच पेटीला जागा असेल, तर या उत्तरांवरून निवड करावी.