काळ्या रेषांचा मुलूख

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना एकइंची नकाशा (एक इंच म्हणजे एक मैल) हा साहित्याच्या अभ्यासकाने वाचावयाचा मजकूर आहे, असे म्हटल्यास भुवया उंचावतील. तरीही अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे-शेवगाव पट्ट्याची, ४७-आय आणि ४७-एम या क्रमांकांखालील पत्रके एकदा समोर पसरून पाहावीत. मैदानी प्रदेश असल्याने समोच्च रेषा विरळ आहेत. डोळ्यांत भरतात त्या ओढ्यानाल्यांच्या रेषा, आणि त्या काळ्या आहेत. या नकाशांच्या संकेतानुसार निळा रंग पाण्याचा. पावसाळ्यापुरते वाहून कोरड्या पडणाऱ्या प्रवाहांना काळी शाई. अवर्षणाचे इतके निर्विकार वर्णन आपल्या ग्रामीण कथेतही क्वचितच सापडेल.

भाषेच्या अंगाने मात्र हा मजकूर गरीब आहे. रोमन लिपीत उतरताना गावांच्या नावांतला ‘ळ’ आणि ‘ण’ हरवतो. फारसी ‘बुजुर्ग’चा मराठी तोंडी ‘बुद्रुक’ झाला. नकाशावर त्याची ‘बीके’ ही दोन अक्षरे उरली, ‘खुर्द’ची ‘केएच’. थोरल्या-धाकट्या गावांचे नाते असे दोन अक्षरांत आटोपले.

आणि तरीही या पत्रकांवाचून चालत नाही, याचे कारण जायकवाडी. पैठणच्या या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ मध्ये लोकार्पण झाले. नाथसागराचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत आला. शेवगाव-नेवाशाची आणि पलीकडच्या पैठण-गंगापूरची शंभराहून अधिक गावे कमीअधिक बाधित झाली. धरणानंतरच्या पत्रकावर तेथे सलग निळा रंग आहे. काळ्या रेषांच्या मुलखात निळाई आली ती अशी! गावठाण कोठे होते, पाऊलवाट कोणत्या नाल्यातून उतरत होती, देऊळ वस्तीच्या कोणत्या अंगाला होते, हे जुन्या पत्रकावर अजून शाबूत आहे. त्या देवळात कोणाला प्रवेश होता, हे मात्र त्यावर नाही. तेवढ्यासाठी विस्थापितांच्या आठवणीच ऐकावयास हव्यात, आणि आपल्या प्रबंधांत त्या फारशा येत नाहीत.

उन्हाळ्यात जलाशय ओसरला की काठची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. तेथे पुन्हा पेरणी होते, पाणी चढेपर्यंत. या जमिनीसाठी नकाशात रंग नाही.